अस्तर

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. घराचीच पुढची खोली, दोन मशीन, एक ओव्हरलॉक, हाताखाली एक मुलगी. 2023 च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला चार दिवस राहिले असताना, रात्री सव्वा अकराला मुंढे जोडता जोडता मला श्वास पुरेनासा झाला. दम्याचा निळा पंप घेतला. दहा मिनिटांनी परत घेतला, मग परत. सासूबाई पाठ चोळत बसल्या. पहाटे चारला ह्यांनी स्कूटरवर मागे बसवून नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे वाफ, ऑक्सिजन, शिरेतून इंजेक्शन. सकाळी नऊला घरी आले तेव्हा टेबलावर बेचाळीस ब्लाउज तसेच होते.

त्या वर्षातलं हे पाचवं आजारपण. दर वेळी तेच. पाच-सात दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, आणि जादू झाल्यासारखं बरं वाटायचं. खरं सांगते, त्या गोळ्या मला आवडायला लागल्या होत्या. झोप लागायची नाही, भूक पेटायची, रात्रभर मशीन चालायचं. पुढे पुढे मी डॉक्टरांकडे न जाता मेडिकलमधून परस्पर आणायला लागले. ही चूक मला दोनदा महागात पडली, एकदा शरीरात आणि एकदा कागदावर.

जानेवारी 2024 मध्ये नणंदेच्या आग्रहाने छातीच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी फी सातशे. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी: "ताई, पंप कसा घेता ते करून दाखवा." दम्याच्या सोळा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी दाखवलं. ते म्हणाले, यातलं बहुतेक औषध जिभेवर आणि घशात जातंय. त्यांनी स्पेसर दिला, साडेतीनशेचा प्लास्टिकचा नळा. पंप त्यात दाबायचा, सावकाश आत ओढायचं, दहापर्यंत मोजत धरून ठेवायचं. रोजचा स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. तुमच्या घरात कुणाला दमा असेल तर पुढचं वाचायच्या आधी त्यांना पंप घेऊन दाखवायला सांगा.

मग नळीत फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री. जोर लावून एकदम फुंकायचं आणि तसंच फुंकत राहायचं. समोरचा मुलगा "अजून, अजून, अजून" ओरडत असतो. पहिल्या सेकंदाला माझी हवा निघाली 1.31 लिटर. पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत केलं तर 1.58. निदान 12 टक्के आणि 200 मिली वाढ झाली तर दम्याच्या बाजूने पुरावा समजतात. माझी 270 मिली, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर. बिल बाराशे.

रक्ताचा रिपोर्ट बघून मात्र डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांची मोजणी हवी होती. माझी आली 40. त्यांनी विचारलं, स्टेरॉइडची गोळी शेवटची कधी घेतली? आज सकाळी, मी म्हटलं. चौथा दिवस होता. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला. गोळी चालू असली की या पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. चार आठवडे थांबून परत या. तेव्हा लक्षात ठेवा, ही मोजणी गोळ्या सुरू करायच्या आधी करायची. आजारी पडल्याच्या दिवशी, पहिली गोळी तोंडात टाकण्याआधी रक्त देता आलं तर उत्तम.

फेब्रुवारीच्या शेवटी परत केली. 780. पाचशेच्या वर म्हणजे जास्त. घरी येऊन मी कपाटातली जुनी फाइल काढली. 2019 मध्ये ऑपरेशनच्या आधीचा रिपोर्ट होता, 2021 मधला तापातला होता. दोन्हींवर इओसिनोफिलच्या पुढे ठळक अक्षरात जास्त असल्याची खूण. ती खूण पाच वर्षं कपाटात पडून होती. रागवायचं तरी कुणावर? मीही कधी वाचलं नव्हतं.

लगेच मोठं औषध कुणी देत नाही, आणि देऊही नये. तीन महिने रोजचा पंप वाढवलेल्या मात्रेत, सकाळ-संध्याकाळ, एकही खाडा न करता घ्यायचा. कापड कापताना मास्क, ओव्हरलॉकच्या धाग्यांचा भुगा रोज ओल्या फडक्याने पुसायचा. मी सगळं केलं. फरक पडला, नाही असं नाही. जिन्यात थांबावं लागेना. पण एप्रिलमध्ये साध्या सर्दीचं निमित्त झालं आणि परत वाफ, परत गोळ्या. गोळ्या संपून पुरेसे दिवस गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आता पुण्याला जाऊन दोन तपासण्या करून या, त्या इथे होत नाहीत.

साताऱ्याहून सकाळी सहाची एसटी. बायकांना निम्मं तिकीट, तेवढाच दिलासा. पहिली तपासणी श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची. एका यंत्रात दहा सेकंद एकसारखं, हळू, आकडा स्थिर ठेवत फुंकायचं. जोर लावायची सवय झाल्यामुळे मला हे जड गेलं, तिसऱ्यांदा जमलं. आकडा 68. पन्नासच्या वर म्हणजे आत इओसिनोफिलच्या प्रकारची सूज जोरात आहे. दोन हजार रुपये.

दुसरी तपासणी बेडक्याची. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझा दमा मला त्या दिवशी कळला.

आधी पंप देतात, मग मिठाच्या पाण्याची वाफ. थोडा वेळ ओढायची, नळीत फुंकून दाखवायचं, मग आधीपेक्षा खारट वाफ, मग अजून खारट. या वाफेनेच दम्याचा झटका येऊ शकतो, म्हणून मध्ये मध्ये मोजत राहतात आणि डॉक्टर शेजारी असतात. दर वेळी चूळ भरायची, नाक शिंकरायचं आणि खोलवर खाकरून डबीत टाकायचं. चारचौघांत खाकरायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, लाजू नका, थुंकी नकोय, खालचं हवंय." तिसऱ्या वाफेला खालचं आलं. घट्ट, चिकट, डिंकासारखं.

रिपोर्ट दुपारी मिळणार होता. परतीची एसटी पाचची, म्हणून मी तिथेच बसून राहिले. लॅबच्या मॅडम जेवून आल्या आणि मला बघून म्हणाल्या, बघायचंय का? मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एकदम रंग. निळसर गाभा, त्याचे दोन गोलसर भाग, आणि भोवती गच्च भरलेले बारीक दाणे, डाळिंबी रंगाचे. मी रंगांच्या धंद्यातली बाई, मला तो रंग आधी आवडला. मॅडम म्हणाल्या, हा रंग इओसिनचा. पाउल एर्लिख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1879 मध्ये या पेशी ओळखल्या, त्या हाच रंग पितात म्हणून नाव इओसिनोफिल. शंभरात तीनपेक्षा कमी असायला हव्यात. तुमच्यात चौदा आहेत.

त्यांनी काच सरकवली. आता एक पुंजका दिसला, एकमेकींना चिकटलेल्या उभट पेशींचा, आणि त्याच्या एका कडेला अगदी बारीक झालर. "हे काय?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हे तुमच्या श्वासनलिकेचं अस्तर. सुटून आलंय."

अस्तर. मी रोज जोडते ते. आपण कापसाचं अस्तर लावतो ते का? वरचं कापड अंगाला टोचू नये, घाम जिरावा, शिवणीवर ताण येऊ नये. श्वासनलिकेच्या आतही असाच पेशींचा एक थर असतो. त्यातल्या बऱ्याच पेशींना झालर असते आणि ती सारखी हलत धूळ, चिकटा वर ढकलत असते. माझी झालर डबीत येऊन पडली होती.

मग मॅडमनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. त्या डाळिंबी दाण्यांत जहाल प्रथिनं भरलेली असतात. या पेशी मुळात जंतांसारख्या मोठ्या परजीवींशी लढायच्या कामाच्या. जंताला गिळता येत नाही, म्हणून त्याच्या अंगावर हे दाणे ओतायचे. त्यातल्या एका प्रथिनाचं नाव मेजर बेसिक प्रोटीन. ते अस्तराच्या पेशींवर पडलं की त्या मरतात आणि एकमेकींपासून सुटतात. माझ्या नळ्यांत जंत नाहीत, पण दाणे ओतणं चालूच आहे. काचेवर दोन्ही टोकांना निमुळते, सुईसारखे स्फटिकही दिसले, शार्को-लायडेन स्फटिक. या पेशी फुटल्या की त्यांच्यातल्या एका प्रथिनाचे ते बनतात. एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टर ते बघत आलेत. कचरा म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष व्हायचं, पण 2019 मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की हे स्फटिक स्वतःही सूज वाढवतात. पुठ्ठ्यात राहिलेली टाचणी नंतर बोटात घुसते, तसं.

पण अस्तर काही मुकाट्याने मार खात नाही. धूळ, विषाणू, धूर यांनी ते दुखावलं की आरोळी ठोकतं. टीएसएलपी, आयएल-33 अशी त्या आरोळ्यांची नावं. ती ऐकून दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जमतात आणि त्या आयएल-5 नावाचा निरोप हाडांतल्या मगजाकडे धाडतात: अजून इओसिनोफिल पाठवा. आयएल-13 नावाचा दुसरा निरोप चिकटा तयार करणाऱ्या पेशी वाढवतो, म्हणून तो डिंक. नवे इओसिनोफिल येतात, आणखी अस्तर उसवतं, आरोळी आणखी मोठी होते. दुरुस्तीही चालू असते, पण ती ठिगळावर ठिगळ अशी. अस्तराखालचा थर जाड होत जातो आणि नळी कडक होते.

2024 मध्येच लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती डॉक्टरांनी मला नंतर सांगितली. झटक्यात नळी आवळली जाते तेव्हा अस्तराच्या पेशींची इतकी दाटी होते की त्या दाबानेच बाहेर फेकल्या जातात. म्हणजे झटका हा अस्तर फाटल्याचा परिणाम आहे आणि कारणही. निळा पंप आवळलेला स्नायू सैल करतो, फेकल्या गेलेल्या पेशी काही परत आणत नाही. सोळा वर्षं मी निळ्या पंपावर जगले, म्हणजे फक्त शिवण ढिली करत राहिले, आतलं अस्तर बघितलंच नाही. रोजचा स्टेरॉइडचा पंप कंटाळा आला की सोडायचे, कारण तो घेतल्यावर लगेच काही वाटत नाही. तो अस्तरासाठी असतो हे कुणी अस्तर हा शब्द वापरून सांगितलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं.

एक सांगायलाच हवं, सगळ्यांचा दमा असा नसतो. काहींच्या बेडक्यात इओसिनोफिल नसतातच, दुसऱ्या पेशी असतात, आणि मला दिलेलं औषध त्यांच्या उपयोगाचं नाही. म्हणून आधी मोजायचं.

औषधाचं नाव मेपोलिझुमॅब. दर चार आठवड्यांनी 100 मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, कातडीखाली. ते आयएल-5 चा निरोप वाटेतच पकडतं. अमेरिकेत 2015 पासून दम्यासाठी वापरात आहे. त्याआधी आणखी तपासण्या: अॅस्परजिलस बुरशीची, कारण ती ॲलर्जी असेल तर चित्र वेगळं दिसतं आणि उपचारही, आणि जंतांसाठी शौचाची. जंतांशी लढणारी फौज कमी करायची तर आधी घरात जंत नाहीत ना बघायला हवं, हे मला फार पटलं. दोन्ही स्वच्छ आलं. या टप्प्यापर्यंत माझे साधारण अकरा हजार गेले होते, एसटी धरून.

किंमत ऐकून हे गप्प झाले. एका इंजेक्शनला माझी महिन्याची कमाई पुरत नव्हती. आमचा मेडिक्लेम 2016 पासूनचा, दमा आहे हे तेव्हाच फॉर्मवर लिहिलेलं, त्यामुळे जुन्या आजाराची वाट बघायची मुदत कधीच संपलेली. ज्यांनी लपवलं असेल त्यांचं काय होत असेल देव जाणे. मी निर्धास्त होते.

10 मे रोजी रुग्णालयाच्या विमा खिडकीवर पूर्वपरवानगीचा फॉर्म दिला. दोन दिवसांनी प्रश्न आला: गेल्या बारा महिन्यांत किती वेळा दमा बळावला, त्याचे पुरावे द्या. आता मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या आडव्या आल्या. 2023 मध्ये पाच वेळा आजारी पडलेली मी, त्यातली हातात चिठ्ठी एकच, दिवाळीची. नर्सिंग होमच्या बाह्यरुग्ण रजिस्टरमध्ये आणखी एक नोंद सापडली, त्यांनी शिक्का मारून प्रत दिली. एप्रिलची चिठ्ठी होतीच. तीन झाले. फ्रिजवर चुंबकाखाली चिठ्ठ्या लावून ठेवायची सवय मला तेव्हापासून.

23 मे रोजी नकार आला. कारण एका ओळीत: हे इंजेक्शन बाह्यरुग्ण विभागात देता येतं, भरती होण्याची गरज नाही, सबब देय नाही. त्या रात्री मी कात्री हातात घेऊन नुसती बसून होते.

विमा खिडकीवरच्या मुलाने बाजूला घेऊन सांगितलं, काकू, आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, 2019 चं परिपत्रक बघा. माझ्या मुलीने मोबाइलवर शोधलं. त्यात बारा आधुनिक उपचारांची यादी होती, आणि इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा (माझं औषध याच प्रकारचं) उपचार त्यात स्पष्ट लिहिलेला होता. वैद्यकीय गरज असेल तर हे उपचार भरती करून किंवा डे-केअर, म्हणजे दिवसापुरती भरती, म्हणून पॉलिसीत धरायचे. कंपनीला त्यावर रकमेची मर्यादा घालता येत होती, सरसकट नाही म्हणता येत नव्हतं. आमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत पान 19 वर हीच यादी होती, पन्नास टक्के मर्यादेसह. आठ वर्षं हप्ता भरला, पान 19 कधी उघडलं नव्हतं.

3 जूनला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. मुलीने लिहिला, मी सांगितला. रडगाणं नाही, फक्त तारखा, आकडे, पान क्रमांक. सोबत डॉक्टरांचं पत्र, त्यात 780, 68 आणि 14 हे तीन आकडे आणि औषध दिल्यावर तासभर देखरेखीखाली ठेवणं का गरजेचं, हे. पंधरा दिवस काहीच नाही. मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली, टोकन नंबर मिळाला. त्यानंतरची पायरी विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. त्यांच्या अर्जाचा नमुनाही मी छापून ठेवला होता. तो लागला नाही. 9 जुलैला मंजुरी आली, मर्यादेपर्यंत.

23 जुलै 2024, पहिलं इंजेक्शन. बाटलीत पावडर होती. सिस्टरनी त्यात पाणी सोडलं आणि बाटली हळूहळू गोल फिरवत राहिल्या. हलवायची नाही, फेस आणायचा नाही. ते बघताना मला काजळ खलणारी आजी आठवली. दंडात टोचलं. तासभर बसवलं, दोनदा बीपी बघितलं. संध्याकाळी थोडं डोकं दुखलं, दंड दोन दिवस ठणकला. बस.

पहिल्या महिन्यात काही विशेष वाटलं नाही आणि मी मनातून खचले. दुसऱ्या महिन्यात रक्तात इओसिनोफिल 60 झाले, पण मला अंगात काय फरक तो सांगता येईना. तिसऱ्या महिन्यानंतर एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "रात्री तुझा खोकला ऐकू येईना म्हणून उठून बघून गेले."

चौथं इंजेक्शन 15 ऑक्टोबरला झालं. त्या दिवाळीत छप्पन ब्लाउज दिले, गोळी एकही नाही. फटाक्यांच्या रात्री मात्र खिडक्या लावून घरातच बसले. ते औषधाने सुटलेलं नाही. जानेवारीत सर्दी झाली तेव्हा घरघरही झाली, चार दिवस निळा पंप लागला. पण वाफ नाही, नर्सिंग होम नाही. स्पायरोमेट्रीत 1.84 लिटर. अस्तर परत धरेल, डॉक्टर म्हणाले, पण खालचा जाड झालेला थर पूर्ण पातळ होईलच असं नाही. रोजचा पंप चालूच, त्यात सवलत नाही.

4 फेब्रुवारीचं आठवं इंजेक्शन झालं. सातव्याचे पैसे अजून यायचेत. काल कंपनीचा मेल आला, मूळ चिठ्ठीवरचा रुग्णालयाचा शिक्का पुसट आहे, स्पष्ट प्रत पाठवा. उद्या परत सहाची एसटी. दोन ब्लाउजची हातशिलाई राहिलीय, ती बरोबर घेतेय.